खुंट कोणाचा, फळ कोणाचे?

दोन झाडांचे तुकडे असे जोडायचे की ते पुढे एकच झाड म्हणून वाढतील, यालाच कलम करणे म्हणतात. जमिनीत मुळे धरून बसलेला खालचा भाग म्हणजे खुंट. त्यावर बसवलेली, पुढे फांद्या, पाने आणि फळे देणारी ती कलमकाडी. कोकणातला हापूस, वेंगुर्ल्याचा काजू, नागपूरचे संत्रे, नाशिक-सांगलीकडची बरीचशी द्राक्षे, महाराष्ट्राच्या फळबागांचा मोठा भाग अशा जोडझाडांवर उभा आहे. हापूसच्या कलमाखाली बहुधा रायवळ आंब्याची मुळे असतात आणि तरीही वर लागणारे फळ हापूसचेच असते. खालचे पाणी वर चढते, वरचे अन्न खाली उतरते, खोड एकसंध दिसते. एवढी देवघेव चालू असताना दोन्ही झाडांची आनुवंशिकता मात्र आपापल्या जागी राहते. हे कसे घडते आणि याला अपवाद आहेत का, हे समजायला आधी कलमाची गरज का पडली ते पाहावे लागते.

कोयीतून हापूस का येत नाही

हापूसची कोय पेरली तर आंब्याचे झाड येते, पण त्याला हापूस लागण्याची शाश्वती नसते. कलमी झाडाचे बी ‘बिघडलेले’ असते, असा त्यावरून अनेकांचा समज होतो. तो खरा नाही. कोयीतला गर्भ मोहोरातल्या बीजांडाचा आणि परागकणाचा संयोग होऊन तयार होतो. माश्या आणि इतर कीटक हा पराग बहुधा दुसऱ्या झाडावरून आणतात. शिवाय हापूस स्वतःच संमिश्र वंशाचा आहे. त्याच्या जनुकांच्या जोड्यांमध्ये दोन वेगवेगळी रूपे असतात आणि बीजांड तयार होताना त्यांची वाटणी दर वेळी निराळी होते. म्हणून एकाच झाडाच्या दहा कोयींतून दहा तऱ्हेची झाडे येतात. रायवळ आंब्याच्या दर झाडाची चव, धागा आणि वास वेगळा असतो, तो याच कारणाने. हापूसचे झाड कलमी नसून कोयीचे असते, तरी त्याच्या कोयीतून हीच तऱ्हा निघाली असती.

काडीची गोष्ट वेगळी आहे. झाडाच्या फांदीतली प्रत्येक पेशी मूळ गर्भपेशीच्या विभाजनातून आलेली असते आणि तिच्यात त्या झाडाचा पूर्ण जनुकसंच असतो. काडी तोडून दुसऱ्या मुळांवर बसवली, तर त्याच पेशी पुढे विभागत राहतात. मध्ये संयोग नाही, वाटणी नाही. त्यामुळे कलमातून वाढलेला शेंडा मातृवृक्षाची आनुवंशिक नक्कल असतो. पोर्तुगीज अमलात गोव्यात आंब्यावर कलमाचे तंत्र रुजले. मानकुराद, मुसराद, फर्नांदीन आणि हापूस या नावाजलेल्या जाती पिढ्यान्‌पिढ्या तशाच टिकल्या त्या या तंत्रामुळे.

आणखी एक लाभ वयाचा. कोयीपासून वाढवलेला आंबा फळावर यायला सात-आठ वर्षे किंवा त्याहून अधिक काळ घेतो, कारण रोपाला बाल्यावस्था ओलांडावी लागते. फळणाऱ्या झाडाची काडी ती अवस्था आधीच ओलांडून आलेली असते, म्हणून कलमाला चार-पाच वर्षांत फळ धरू लागते.

एक कोय कलम, जवळून

कोकणातल्या रोपवाटिकांत पावसाळ्याच्या तोंडाशी रायवळाच्या कोयी गादीवाफ्यावर किंवा पिशवीत पेरतात. रोप दहा-पंधरा दिवसांचे, पाने अजून तांबूस आणि देठ कोवळा असतानाच ते कलमाला घेतात. इकडे मातृवृक्षावर तीन-चार महिन्यांच्या, पेन्सिलीएवढ्या जाडीच्या शेंड्याच्या काड्या हेरून ठेवलेल्या असतात. कलम करण्याच्या आठ-दहा दिवस आधी त्यांची पाने देठ राखून छाटतात. पाने गेल्यावर टोकाचा डोळा फुगू लागतो आणि काडी फुटण्याच्या तयारीत येते.

रोपाचा शेंडा कोयीपासून चार बोटे वर आडवा कापून देठाला मधोमध सुमारे चार-पाच सेंटिमीटर खोल उभी चीर देतात. काडीच्या खालच्या टोकाला दोन्ही बाजूंनी तिरपा, तेवढ्याच लांबीचा काप घेऊन पाचर तयार करतात. पाचर चिरेत बसवताना दोघांची साल निदान एका बाजूने तरी तंतोतंत जुळावी लागते. वर प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळली की काम संपते. सरावाच्या हाताला यासाठी काही मिनिटे पुरतात. चाकू धारदार हवा आणि काप एका झटक्यात झाला पाहिजे, कारण चेंगरलेल्या पेशी जुळत नाहीत. कोकणातली पावसाळी दमट हवा कापलेला भाग सुकू देत नाही, म्हणून ही पद्धत तिथे यशस्वी झाली. दोन-तीन आठवड्यांत डोळा फुटला, की कलम लागले.

संत्र्याला अख्खी काडी न लावता एकच डोळा लावतात. विदर्भात जंबेरी या लिंबूवर्गीय झाडाच्या पन्हेरीवर सालीला उलट्या ‘टी’च्या आकाराची चीर देऊन तिच्यात संत्र्याचा डोळा सरकवतात आणि बांधतात. तत्त्व तेच. दाब कलम आणि गुटी कलम मात्र या प्रकारात मोडत नाहीत. त्यांत एकाच झाडाच्या फांदीला मुळे फोडतात, दुसरे झाड येतच नाही.

सांधा जुळतो कसा

साल आणि लाकूड यांच्या मध्ये पेशींचा एक अतिशय पातळ थर असतो. त्याला ऊतककर किंवा कॅम्बियम म्हणतात. आतल्या बाजूला जलवाहिन्या आणि बाहेरच्या बाजूला रसवाहिन्या तयार करणे हे त्याचे काम. खोड जाड होते ते या थरामुळे. साल जुळवण्याचा आग्रह असतो, तो खरे तर दोघांचे कॅम्बियम समोरासमोर यावे म्हणून.

काप घेतल्यावर कापलेल्या पेशी मरतात आणि त्यांचा तपकिरी पापुद्रा बनतो. त्याच्या लगतच्या जिवंत पेशी जखमेला उत्तर म्हणून भराभर विभागू लागतात. त्यातून तयार होणारा मऊ, आकारहीन पेशींचा पुंजका म्हणजे किण किंवा कॅलस. खुंटाकडून आणि काडीकडून आलेला किण मधली फट भरून काढतो, पापुद्रा विरतो आणि दोन्हींकडच्या पेशींच्या भिंती चिकटतात. वरच्या डोळ्यांतून आणि पानांतून खाली येणारे ऑक्झिन हे संप्रेरक इथे कामी येते. त्याच्या प्रभावाने किणातल्या काही पेशींचे रूपांतर कॅम्बियममध्ये होते. हा नवा थर दोन्ही जुन्या थरांना जोडतो आणि त्यातून सलग जलवाहिन्या व रसवाहिन्या घडतात. प्रयोगशाळेत अरॅबिडॉप्सिस या छोट्या मोहरीवर्गीय रोपावर हे टप्पे मोजले गेले आहेत. त्यात रसवाहिन्या सुमारे तीन दिवसांत जुळतात आणि जलवाहिन्या आठवड्याभरात. फळझाडांना काही आठवडे लागतात. तोवर काडी स्वतःतल्या ओलाव्यावर आणि साठवलेल्या अन्नावर जगते. पट्टी आणि सावली तिला तग धरायला मदत करतात.

पेशी एकमेकींना चिकटतात, त्यांच्यात सूक्ष्म वाटाही निर्माण होतात, पण त्या एकमेकींत विरघळत नाहीत. खुंटाची पेशी खुंटाचीच राहते, काडीची काडीची. जुन्या कलमी झाडाच्या सांध्याचा उभा छेद घेतला तर अनेकदा दोन लाकडांमधली सीमा डोळ्यांनी दिसते.

कोणाचे कोणाशी जुळते

सलग कॅम्बियम हीच अट असल्यामुळे हे तंत्र प्रामुख्याने द्विदल झाडांना लागू पडते. केळी, नारळ, ऊस, बांबू यांच्या खोडात वाहिन्या विखुरलेल्या असतात, जुळवायला सलग थर नसतो. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त कलमासारख्या जोडणीसाठी फणस, जांभूळ, डाळिंब, द्राक्ष यांच्या यादीत केळही घेतले आहे. आजच्या अनुभवाप्रमाणे ही नावे एका पंगतीत बसत नाहीत. अलीकडे केंब्रिजच्या संशोधकांनी बीजांतल्या अगदी कोवळ्या गर्भाच्या पातळीवर गव्हासारख्या एकदल वनस्पतींचेही कलम जुळते असे दाखवले. ते अजून मुख्यतः प्रयोगशाळेतले काम आहे.

नाते जितके जवळचे, तितके कलम सोपे. आंब्यावर आंबा आणि काजूवर काजू बिनतक्रार लागतो. लिंबूवर्गात संत्रे, मोसंबी आणि लिंबू एकमेकांच्या खुंटावर चालतात. टोमॅटो, वांगे आणि बटाटा एकाच कुळातले, म्हणून वाराणसीच्या भारतीय भाजीपाला संशोधन संस्थेला एकाच खुंटावर वांगी आणि टोमॅटो धरणारे ‘ब्रिमॅटो’ घडवता आले. कूळ बदलले की सहसा कलम लागत नाही. आंब्याची काडी वडावर जगत नाही. काही जोड्या सुरुवातीला जुळतात आणि काही वर्षांनी सांध्यापाशी मोडतात. नासपतीच्या काही जाती क्विन्स या फळझाडाच्या खुंटावर थेट टिकत नाहीत, म्हणून दोघांशी पटणाऱ्या तिसऱ्या जातीचा तुकडा मध्ये बसवतात.

खुंटाचा हात कुठवर पोचतो

खुंट फक्त आधार देतो, असे नाही. पाणी आणि क्षार किती घ्यायचे, मातीतल्या रोगांशी कसे लढायचे, दुष्काळ किती सोसायचा हे मुळे ठरवतात. वेल्लइकोलंबन या दक्षिणेतल्या आंब्याच्या खुंटावर हापूस ठेंगणा राहतो. सफरचंदाच्या बुटक्या बागा इंग्लंडच्या ईस्ट मॉलिंग केंद्रातून आलेल्या खुंटांवर उभ्या आहेत. महाराष्ट्रात पाणी खारट आणि तुटपुंजे होत गेले तशी द्राक्षे स्वतःच्या मुळांवर तग धरेनात. मग अमेरिकन रानद्राक्षांतला डॉगरिज हा खुंट आला. आता अनेक ठिकाणी आधी शेतात डॉगरिज लावतात आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्यावर थॉमसनसारख्या जातींची काडी भरतात.

याच उपायाने एकोणिसाव्या शतकात युरोपातला द्राक्षव्यवसाय वाचला. 1860 च्या दशकात फ्रान्सच्या दक्षिणेकडील मळे अचानक वाळू लागले. 1868 मध्ये प्लांशाँ या वनस्पतिशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मुळांवर फायलोक्सेरा हा सूक्ष्म किडा शोधला. तो अमेरिकेतून आला होता आणि तिथल्या रानद्राक्षांची मुळे त्याला दाद देत नव्हती. युरोपी वेलींच्या काड्या अमेरिकन खुंटांवर बांधल्या गेल्या आणि मळे सावरले. अमेरिकन मुळांवर युरोपी जाती आज दीडशे वर्षांच्या आसपास वाढत आहेत. तरी त्या त्याच जाती म्हणून ओळखल्या जातात. एवढा मोठा आणि इतका दीर्घ पुरावा दुसऱ्या कोणत्या प्रयोगातून क्वचितच मिळाला असता.

खुंटातून पदार्थ मात्र वर जातात. तंबाखूचे निकोटिन मुळांत तयार होते. तंबाखूच्या खुंटावर टोमॅटोचे कलम केले तर टोमॅटोच्या पानांत निकोटिन सापडते. उलट, टोमॅटोच्या खुंटावरच्या तंबाखूत ते जवळजवळ नसते. धोत्र्याच्या खुंटावर लावलेल्या टोमॅटोच्या फळांत धोत्र्याची विषारी द्रव्ये उतरतात, म्हणून असे प्रयोग घरी कधीच करू नयेत. पण निकोटिन मिळालेल्या टोमॅटोच्या बियांपासून वाढलेली रोपे निकोटिन बनवत नाहीत. पदार्थ पोचला, तो बनवण्याची जनुके पोचली नाहीत. गुणावर झालेला परिणाम आणि वंशात झालेला बदल यांतला फरक इथे स्पष्ट दिसतो.

पिढीत उतरतो का हा बदल

कलमी हापूसच्या कोयीत दोनच झाडांचा वाटा असतो, हापूसच्या शेंड्याचा आणि ज्या झाडाचा पराग आला त्याचा. खालच्या रायवळाचा त्यात अंश नसतो, कारण बीजांडे आणि पराग कलमकाडीच्या पेशींतून घडतात. म्हणून कलमी फळ म्हणजे जनुकीय फेरफार केलेले फळ नव्हे. तिथे कोणतेही जनुक काढलेले किंवा घातलेले नसते.

मात्र कलमातून संकर होतो, असा विश्वास एके काळी शास्त्रज्ञांतही होता. त्याला आधार देणारी झाडेही होती. 1825 मध्ये पॅरिसजवळ आदाम नावाच्या रोपवाटिकाधारकाने पिवळ्या फुलांच्या लॅबर्नमवर जांभळ्या ब्रूमचे कलम केले. सांध्यापासून निघालेल्या एका फांदीला मिश्र रंगाची फुले आली आणि त्याच झाडावर कुठे शुद्ध पिवळी, कुठे शुद्ध जांभळीही फुले लागली. डार्विनने 1868 च्या आपल्या ग्रंथात हा कलमसंकर असावा असे मानले. 1907 मध्ये हान्स विंकलर याने टोमॅटो आणि कामोणी यांच्या सांध्यातून अर्धे टोमॅटो आणि अर्धे कामोणी असे रोप मिळवले आणि त्याला ग्रीक पुराणातल्या संमिश्र प्राण्यावरून ‘कायमेरा’ म्हटले. त्यानंतर एर्विन बाउर याने उलगडा केला, की अशा झाडात दोन्ही जातींच्या पेशी थर करून शेजारी राहतात, त्यांची जनुके मिसळत नाहीत. आदामच्या झाडात बाहेरची कातडी ब्रूमची आहे आणि आतला भाग लॅबर्नमचा. बीज आतल्या थरातून घडते, म्हणून त्याच्या बियांतून निव्वळ लॅबर्नम उगवते.

एवढे कळून चुकल्यावरही सोव्हिएत रशियात लायसेंको या कृषितज्ज्ञाने कलमातून आनुवंशिकता बदलते हा दावा सरकारी धोरण बनवला. 1948 मध्ये तिथे आनुवंशिकीशास्त्रच बंद पाडण्यात आले. त्याआधीच, 1943 मध्ये, लायसेंकोला विरोध करणारा निकोलाय वाविलोव्ह हा थोर वनस्पतिशास्त्रज्ञ तुरुंगात मरण पावला होता. विज्ञानाचा निर्णय सत्तेने द्यायचा ठरवला, तर त्याची किंमत किती मोठी असते, हे या प्रकरणाने दाखवले.

सांध्यापाशी दिसलेले अपवाद

गेल्या काही दशकांत चित्र अधिक बारकाईने दिसू लागले आहे. फुलोरा येण्याचा संदेश पानांतून निघून रसवाहिन्यांतून शेंड्याकडे जातो आणि कलमाचा सांधाही ओलांडतो, हे चैलाख्यान या शास्त्रज्ञाने 1930 च्या दशकात सुचवले होते. तो संदेश म्हणजे एक लहान प्रथिन आहे, हे 2007 मध्ये सिद्ध झाले. प्रथिनांप्रमाणे आरएनएचे रेणूही सांधा ओलांडतात. त्यांतले काही छोटे रेणू समोरच्या पेशीच्या डीएनएवर रासायनिक खुणा करून काही जनुकांचे काम मंद करू शकतात, असे 2010 मध्ये अरॅबिडॉप्सिसमध्ये आढळले. पाककृतींची वही तीच राहावी आणि कोणता पदार्थ आज करायचा नाही याची खूण पानावर पडावी, तसा हा प्रकार आहे. जनुकांचा मजकूर बदलत नाही, त्याचा वापर बदलतो.

डीएनएही सांध्यात पलीकडे जाऊ शकतो. जर्मनीतल्या गोल्म येथील माक्स प्लांक संस्थेत राल्फ बॉक आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये तंबाखूच्या कलमात हरितलवकांतली जनुके शेजारच्या पेशीत गेल्याचे दाखवले. 2014 मध्ये त्यांनी पुढचा पल्ला गाठला. तंबाखूच्या दोन जातींच्या सांध्यातल्या पेशींत दोन्ही जातींची सगळी गुणसूत्रे एकत्र आली आणि त्यातून प्रजननक्षम अशी नवी वनस्पती घडली. हे शोध महत्त्वाचे आहेत, पण त्यांची मर्यादा लक्षात ठेवायला हवी. अशा पेशी फक्त सांध्यालगत आढळल्या. त्या शोधण्यासाठी आधी विशिष्ट प्रतिकारक जनुके घातलेली रोपे वापरावी लागली आणि सांध्याचे तुकडे प्रयोगशाळेत वाढवावे लागले. बागेतल्या कलमाच्या शेंड्यावरची फळे आणि बिया यांना याची झळ लागत नाही. लायसेंकोचा दावा यामुळे खरा ठरत नाही.

मग बदल येतो कुठून

कलमी जातींतही कालांतराने फरक पडतात, पण त्यांचे कारण वेगळे असते. पेशी विभागताना डीएनएची प्रत काढण्यात क्वचित चूक होते. ती एखाद्या डोळ्यात झाली, तर त्या डोळ्याची पूर्ण फांदी वेगळी निघते. तासगाव भागात थॉमसन सीडलेसमधून निवडलेली ‘तास-ए-गणेश’ आणि सोलापूरकडची लांबट मण्यांची ‘सोनाका’ ही द्राक्षे अशाच उत्परिवर्तनांतून मिळाली. शेतकऱ्याच्या नजरेने तो वेगळेपणा टिपला आणि कलमाने तो टिकवला. पूर्णपणे नवी जात हवी असेल, तर परागसंकरच करावा लागतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ घडवला आणि रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून पातळ कोयीचा ‘सिंधू’. या जातींचा जन्म संकरातून झाला, प्रसार कलमांतून होतो.

मातृवृक्षाचे चांगले गुण जसेच्या तसे उतरतात, तसेच त्याचे रोगही उतरतात. लिंबूवर्गातला ट्रिस्टेझा हा विषाणू रोगट झाडाच्या डोळ्याबरोबर नव्या कलमात जातो. खुंटावरची फूट वेळेवर काढली नाही, तर ती कलमकाडीला मागे टाकते. मग संत्र्याच्या जागी जंबेरी आणि हापूसच्या जागी रायवळ वाढते, आणि मालकाला वाटते की झाडाने जात बदलली.

कलम झाडाची जात बदलत नाही, ती राखते. म्हणून रोप घेताना ते नोंदणीकृत रोपवाटिकेतून घ्यावे, काडी कोणत्या मातृवृक्षाची आणि खुंट कशाचा हे विचारून घ्यावे, सांधा पक्का भरला आहे का ते पाहावे आणि लावल्यावर त्याच्या खाली फुटणारा प्रत्येक कोंब काढून टाकावा.